थॉमसनवर प्लास्टिक टाकू का, की नवी व्हरायटी लावू?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. दिंडोरीकडे चार एकर थॉमसन जातीची द्राक्षं, अकरा वर्षांची बाग, डॉगरिज खुंटावर कलम केलेली, लागोपाठ पावसात सापडलेली. आता चारही एकरांवर पाऊस अडवायला प्लास्टिकचं छत टाकायचं, की बाग काढून पेटंट व्हरायटी लावायची, शिवाय सेन्सर आणि ड्रोनचं काय, असं विचारलंय. पंचवीस वर्षं निफाडात द्राक्षच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगा, माल नेमका कधी गेला? गोडी छाटणीनंतर (ऑक्टोबरच्या सुमाराची, फळासाठीची) डाऊनी या बुरशीच्या रोगाने गेला, शेवटी मणी तडकून गेला, की मुळात घडच निघाले नाहीत? तिन्हीचा दोष आपण पावसाला देतो, पण इलाज वेगवेगळे. २०२५ च्या मे महिन्यात पाऊस हटला नाही, तेव्हा कित्येक बागांत काडीत घड धरलाच नाही. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमाराची, नव्या काडीसाठीची) चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा सूक्ष्मघड तयार होतो, त्याला ऊन लागतं. तिथे प्लास्टिक काय करणार? उलट उजेड आणखी कमी करणार.

ऑक्टोबरनंतरच्या पावसाला मात्र प्लास्टिकसारखं दुसरं काही नाही. पान ओलं होत नाही, तर डाऊनी येणार कशी? फवारण्या निम्म्यावर आल्या माझ्या. युरोपला माल देणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे तिकडे माल अडकला, तो हंगाम ज्यांनी पाहिलाय ते अजून रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या, रिपोर्टशिवाय झोपत नाहीत.

पण मी एका एकरावर पहिल्यांदा टाकलं तेव्हा डाऊनी गेली म्हणून निर्धास्त राहिलो, आणि डिसेंबरात घडाच्या देठावर पीठ सांडल्यासारखी भुरी, ही दुसरी बुरशी. प्लास्टिकखाली ऊब असते, हवा कोंडते आणि भुरीला पावसाची गरजच नसते. लाल कोळीही वाढला. हवा निघायला छताच्या माथ्यावर फट ठेवायला हवी होती, बसवणाऱ्याने ठेवली नाही आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी वादळात अर्धा कागद फाटून शेजाऱ्याच्या बागेत. क्लिपा हलक्या दिल्या होत्या, फोन केला तर "वादळाची गॅरंटी नसते" म्हणे! सांगाड्यासकट एकरी साडेचार-पाच लाखांच्या घरात जातं. म्हणून चारही एकरांवर एकदम नको, एका एकरावर दोन हंगाम बघा. तिकडे सटाण्याकडचे अर्ली छाटणीवाले जून-जुलैत, पावसाळ्यातच छाटतात, त्यांचं गणित वेगळं.

आता व्हरायटी. ‘पेटंट’ हा आपला बोलायचा शब्द. आपल्या कायद्यात झाडाला पेटंट मिळत नाही, वाणाची नोंदणी होते, २००१ च्या कायद्याखाली. बांधून ठेवतो तो करार. काडी कुणाला द्यायची नाही, रॉयल्टी किती, माल कुणाला घालायचा, सगळं त्यात. आपल्याला हे नवं वाटतं, कारण आपल्या जाती अशा आल्याच नाहीत. तासगाव तालुक्यात बोरगावला वसंतराव आरवेंच्या बागेत थॉमसनमधून तास-ए-गणेश निघाली, सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळेंनी सोनाका काढली. पाहुण्याकडे गेलं की पिशवीत काड्या घेऊन यायचं, ही आपली नर्सरी होती.

तरीही लोक नव्या जातींकडे वळतायत, ते फक्त भावासाठी नाही. खरं कारण मजूर आहे. थॉमसनला जीए या वाढीच्या संजीवकाचे फवारे, मग मण्यांची विरळणी, मग डिपिंग, म्हणजे मगात द्रावण घेऊन एकेक घड बुडवायचा, एकरात हजारो घड. पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या वेळेवर आल्या तर ठीक, नाही तर दोन दिवस उशीर आणि मण्याची साइज गेली. ठरलेली साइज नाही भरली की निर्यातीतून बाहेर. नव्या जातींपैकी काहींना हे हातकाम बरंच कमी लागतं, काही पावसात तडकत नाहीत. पण कलम करून पहिलं पीक हाती यायला दोन हंगाम जातात. तेवढे दिवस घर कशावर चालणार, ते आधी कागदावर मांडा. आणि करार वाचताना एकच कलम शोधा: माल नाकारला तर तुम्हाला तो दुसरीकडे विकता येतो का? येत नसेल तर सही करू नका.

ड्रोनचं सोडून द्या. डाऊनी पानाच्या खालच्या बाजूला असते. पहाटे पान उलटून बघा, वर तेलाचा डाग आणि खाली पांढरी लव. मांडवावरून उडणारं यंत्र तिथे पोचत नाही. ट्रॅक्टरचा फवारणी ब्लोअरच बरा. सेन्सरचं म्हणाल तर हवामान यंत्र शेजारी दोघा-तिघांत मिळून घ्या, एका शिवारात एक पुरतं.

यंदा सगळ्यात आधी जे करायचं त्याला लाखही लागत नाही. छाटणीच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक प्लॉटमधल्या काड्या कापून लॅबला द्या, ते सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून घड कुठे आहे ते सांगतात. मागच्या वर्षी माझ्या एका प्लॉटात नेहमीच्या सातव्या डोळ्याऐवजी घड नवव्यावर निघाला. सवयीने सातव्यावर कापलं असतं तर नुसता पाला आला असता. रिपोर्ट आला की इथे टाका, सबकेन (शेंडा खुडून फुटलेली उपकाडी) आहे की सरळ काडी तेही लिहा, मग कुठे कापायचं ते बघू.