काजूच्या बागेत माकड मरून पडलंय, पुरून टाकू की वनखात्याला कळवू?

पुरू नका, आधी कळवा. आणि माणसं येईपर्यंत जवळ जाऊ नका, काठीने उलटून बघू नका, कुत्र्याला तिकडे सोडू नका. तुम्ही विचारलंय की कळवलं तर चौकशी आपल्याच मागे लागेल का, आणि एका माकडासाठी एवढं कशाला. मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडचा, आमचीही काजूची बाग आहे, माकडतापाचे सीझन जवळून बघितलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माकडताप म्हणजे केएफडी, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. हा व्हायरस गोचडीतून येतो. माकड जिवंत असतं तोवर त्याच्या अंगावरच्या गोचडी रक्त पीत बसलेल्या असतात, ते मेलं आणि अंग गार पडलं की त्या खाली उतरतात आणि आजूबाजूच्या पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांत, पसरतात, म्हणजे सगळ्यात धोक्याची जागा प्रेताच्या भोवतालची जमीन असते. आता बघा, डिसेंबर ते मे हा या तापाचा काळ, त्यात माणसाला जास्त चावतात ती गोचडीची पिल्लं, इतकी बारीक की चावलेलं कळतसुद्धा नाही, आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे बायका भाजावळीसाठी (भातरोपांची जमीन भाजायला) पातेरा गोळा करायला रानात जातात आणि मग काजू वेचायला सगळं घर बागेत वाकलेलं असतं. म्हणून हा ताप आपल्यासारख्यांनाच गाठतो.

1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हे पहिल्यांदा लक्षात आलं, तेव्हाही आधी माकडं मरत होती आणि त्याच भागातली माणसं तापाने आजारी पडत होती. व्हायरस शोधला तो पुण्याच्या संस्थेने, जिला आज आपण एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) म्हणतो. नंतर बरीच वर्षं तो कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांतच राहिला, मग 2012 मध्ये कर्नाटकातच दक्षिणेला बंदीपूर, पुढे केरळात वायनाड, 2015 मध्ये गोव्यात सत्तरी आणि 2016 मध्ये आमच्या दोडामार्गात, तिथून बांदा-सावंतवाडीकडे. बंदीपूरला तर मेलेली माकडं हाताळणारे आणि जाळणारे लोकच आजारी पडले होते. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे माकड मेलं की मारुतीचं म्हणून हळदकुंकू वाहतात, हार घालतात, चार जण उचलून नेऊन पुरतात. भावना चांगलीच आहे, माझ्याही घरात आहे, पण उघड्या हाताने उचलणं जिवावर बेतू शकतं.

कळवल्यावर काय होतं ते सांगतो. वनखात्याची माणसं आणि पशुवैद्यकीय डॉक्टर किट घालून येतात, प्रेत ताजं असेल तर पोस्टमॉर्टेम करून नमुने घेतात, आणि आरोग्य खात्याची टीम पांढरं जाड कापड पातेऱ्यावरून ओढत फिरते, गोचडी त्याला चिकटतात, त्या वेचून बाटलीत भरून तपासणीला पाठवतात. मग प्रेत जाळतात, त्या जागेवर औषध मारतात आणि वाडीतल्या लोकांना तिकडे जाऊ नका म्हणून सांगतात. माणसाला ताप यायच्या आधी मिळणारी ही सूचना आहे, आणि ती मिळते फक्त कुणीतरी फोन केला तर. उन्हात दोन दिवस पडून सडलेल्या माकडातून तपासणीला फारसं काही हाती लागत नाही, म्हणून उद्यावर ढकलू नका. वनखात्याचा नंबर 1926 आहे, नाहीतर गावच्या आशाताईंना किंवा वनरक्षकांना सांगा. चौकशीचं म्हणाल तर कळवणाऱ्याला त्रास झाल्याचं मी तरी आमच्या भागात बघितलेलं नाही, उलट गुपचूप पुरलेलं नंतर उघडं पडलं तर विनाकारण संशय येतो.

प्रत्येक माकड तापानेच मरतं असं नाही. विजेच्या तारेला चिकटून मरतात, गाडीखाली येतात, कुत्रे फाडतात, कुणी विषही घालतं. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि चार-आठ दिवसांत एकाच भागात दुसरं तिसरं दिसलं तर थांबूच नका.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ताप आला की गावात लगेच सूर निघतो, केलडी (लाल तोंडाची माकडं) आणि वानर मारून टाका. अहो ती स्वतः या तापाने मरतायत. व्हायरस टिकून राहतो तो गोचडीत आणि रानातल्या उंदीर-चिचुंद्रीसारख्या बारक्या प्राण्यांत, आणि गोचडी वाढतात त्या आपल्याच रानात चरणाऱ्या गुरांवर. सगळी माकडं मारली तरी ताप जाणार नाही, फक्त इशारा देणारं कुणी उरणार नाही. आईच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू आणि आई मेलेली, असं चित्र एकदा बघितलं की हा फक्त माणसांच्या आरोग्याचा विषय राहत नाही. माझं तर म्हणणं आहे की वानरांच्या टोळ्यांवर पावसाळ्यातही नजर हवी, कुठली टोळी किती मोठी होती हेच माहीत नसेल तर कमी झाली हे कळणार कसं. आम्ही काही बागवाले आता आपापल्या बागेत येणाऱ्या टोळीची नोंद वहीत ठेवतो आणि आपल्या भागाच्या वनरक्षकांना दाखवतो, तुम्हीही सुरू करा.

तोवर बागेत जाताना फुल बाह्या, पँटचे पाय मोज्यात, आणि आरोग्य केंद्रात मिळणारं गोचडी दूर ठेवणारं तेल उघड्या अंगाला. आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे वेगळे धुवा. जुनी लस परिणाम कमी पडायला लागला म्हणून बंद झालीय आणि या तापावर खास औषध नाही, त्यामुळे बागेत किंवा रानात जाऊन आल्यावर तीन ते आठ दिवसांत कुणाला अचानक थंडी-ताप, जोरात डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर घरी गोळ्या खात बसू नका, सरकारी दवाखान्यात जा आणि बागेत माकड मेलेलं होतं हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.