हरलो म्हणजे चुकलो का?

मोठ्या रकमेच्या पोकर स्पर्धांविषयी या वेळी बरीच पत्रं आली. मी अनेक वर्षं टेबलाच्या मधल्या खुर्चीत बसून पत्ते वाटले आहेत. आपली एकही चिप पणाला नसताना इतरांचे डाव बघणं हे फार चांगलं शिक्षण आहे. त्या खुर्चीतून जे दिसलं, त्याच्या आधारे ही उत्तरं. खेळ नवा असलेल्यांसाठी एवढंच: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. ऑल-इन म्हणजे आपल्या सगळ्या चिप्स लावणं, कॉल म्हणजे समोरच्याने लावलं तेवढं आपणही लावणं.

प्रश्न : स्पर्धेत शेवटचे तिघे उरलो होतो, तिघांकडे जवळजवळ सारख्या चिप्स. बक्षिसाची वाटणी ५०, ३० आणि २० टक्के. एकाने ऑल-इन केलं, दुसऱ्याने पत्ते टाकले. माझ्या हातात वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा. मी कॉल केला. समोर राण्यांची जोडी निघाली आणि पाच पानांत ना एक्का आला ना राजा. मित्र म्हणतात उतावळेपणा, मी म्हणतो नशीब. कोणाचं खरं?

उत्तर : नशिबाचा भाग आधी बाजूला काढू. राण्यांच्या जोडीपुढे तुमच्या एक्का-राजाला जिंकायची संधी साधारण ४३ टक्के असते. तुम्ही हरलात यात नशिबाने काही विशेष केलं नाही. जे जास्त वेळा होतं तेच झालं. वाद घालायचाच असेल तर कॉलवर घाला.

एकूण बक्षीस १०० धरा. सारख्या चिप्स असताना तिघांचाही वाटा ३३.३३. कॉल करून जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण वाटा दुप्पट होत नाही. तो ४३.३३ होतो, कारण सगळ्या चिप्स गोळा करणाऱ्यालासुद्धा शेवटी ५०च मिळणार असतात. हरलात तर २० घेऊन उठायचं. म्हणजे १० मिळवण्यासाठी तुम्ही १३.३३ पणाला लावलेत. हा सौदा नुसता बरोबरीत सुटायलाही शंभरातून ५७ वेळा जिंकायला हवं. ब्लाइंडमध्ये, म्हणजे पत्ते बघण्याआधीच सक्तीने लावाव्या लागणाऱ्या रकमेत, आधीच गेलेल्या चिप्समुळे हा आकडा थोडा खाली येतो, पण फार नाही. खेळाडू या हिशेबाला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात आणि शेवटच्या टेबलावर त्याच्याशिवाय पान हलत नाही.

आणखी एक बघा. ज्याने पत्ते टाकले त्याचा वाटा, तुमच्या दोघांपैकी कोणीही जिंकलं तरी, ३३.३३ वरून ३६.६७ झाला. तुमच्या दोघांच्या भांडणात त्याला फुकटात मिळालेले ते ३.३३ तुमच्या दोघांच्याच खिशातून गेले.

मग कॉल चुकला का? ते ऑल-इन करणारा माणूस कसा खेळत होता यावर आहे. तो फक्त मोठ्या जोड्या आणि एक्का-राजा, एक्का-राणी एवढ्यावरच सगळं लावणारा असेल, तर एक्का-राजा टाकायला हवा होता, मन कितीही दुखलं तरी. पण तो जवळजवळ कुठल्याही दोन पानांवर ढकलत असेल, तर एक्का-राजा अशा कुठल्याही दोन पानांपुढे साधारण ६५ टक्के वेळा जिंकतो आणि तुमचा कॉल चोख होता. अख्ख्या पत्रात तुम्ही त्या माणसाविषयी एक अक्षर लिहिलेलं नाही. आधीच्या तासाभरात त्याने किती वेळा ऑल-इन केलं, कॉल झाल्यावर कुठली पानं दाखवली? हे आठवून मित्रांना सांगा, वाद तिथेच मिटेल.

ऑल-इन करणं आणि ऑल-इनला कॉल करणं, या दोन गोष्टी सारख्याच धाडसाच्या समजू नका. करणाऱ्याकडे जिंकायचे दोन मार्ग असतात: समोरचा पत्ते टाकेल किंवा आपली पानं चालतील. कॉल करणाऱ्याकडे दुसराच मार्ग उरतो. म्हणून ज्या पानांवर ऑल-इन करणं योग्य, त्याच पानांवर कॉल करणं पुष्कळदा अयोग्य असतं.

प्रश्न : लागोपाठ स्पर्धांतून मी एक्क्यांची जोडी हातात असताना बाहेर पडलो. एकदा राजांपुढे, एकदा गुलामांपुढे. माझ्यामागे साडेसाती लागली आहे का?

उत्तर : नाही. दुःख मात्र खरं आहे, ते मी कमी लेखणार नाही. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते. तासन्‌तास वाट पाहून ती यावी आणि रिव्हरवर, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या पानावर, मोडावी, तेव्हा माणसाचा चेहरा कसा होतो हे मी अगदी जवळून पाहिलं आहे.

पण एक्के राजांपुढे ८२ टक्केच जिंकतात. मोठी स्पर्धा जिंकायची तर असे पणाला लागणारे डाव अनेकदा येतात. प्रत्येक वेळी ८० टक्के बाजू तुमची धरली, तरी असे पाचही डाव तरून जायची शक्यता ३३ टक्के. म्हणजे एकही चूक न करणारा खेळाडूही या पाचांत कुठेतरी अडखळायची शक्यता दोन तृतीयांश आहे. स्पर्धेची रचनाच तशी आहे.

लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधली उदाहरणं घ्या. २०१४ साली दहा लाख डॉलर प्रवेश फीच्या स्पर्धेत कॉनर ड्रिनन आणि कॅरी कॅट्झ, दोघांकडेही एक्क्यांच्या जोड्या होत्या. सगळ्या चिप्स मध्ये गेल्या. अशा वेळी जवळजवळ ९६ टक्के डाव बरोबरीत सुटतो. पण टेबलावर चार बदाम आले, बदामचा एक्का कॅट्झकडे होता, म्हणजे त्याचा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) झाला आणि ड्रिनन स्पर्धेबाहेर गेला. हे निखळ दुर्दैव. तिथे शोधायला चूकच नाही.

२०१० च्या मुख्य स्पर्धेतला मॅट ॲफ्लेकचा डाव मला जास्त शिकवून गेला. त्याच्याकडे एक्के, जोनाथन ड्युहामेलकडे गुलामांची जोडी. टेबलावर दश्शी, नव्वी, सत्ती आणि टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, राणी. ॲफ्लेकने ऑल-इन केलं, ड्युहामेल बराच वेळ विचार करत बसला आणि शेवटी कॉल केला. उरलेल्या ४४ पानांपैकी दहाच त्याच्या कामाची होती: चार राजे, चार अठ्ठ्या (यांनी सीक्वेन्स, म्हणजे सलग पाच पानं, होते), दोन गुलाम. म्हणजे २३ टक्क्यांहून थोडं कमी. रिव्हरला अठ्ठी आली. ॲफ्लेक पंधराव्या क्रमांकावर बाहेर पडला आणि पुढे ड्युहामेल ती स्पर्धा जिंकला. ॲफ्लेकने ७७ टक्के आपल्या बाजूने असताना सगळ्या चिप्स मध्ये आणल्या. यापेक्षा चांगलं काम खेळाडूला करता येत नाही. त्याला कोणी 'हरला' म्हणून शहाणपण शिकवतं, तेव्हा मला मनापासून राग येतो.

आणि उलट बाजूही आहे. २००९ चा विजेता जो केडा तेव्हा २१ वर्षांचा होता. शेवटच्या टेबलावर त्याने तिर्रीच्या जोडीवर ऑल-इन केलं तेव्हा समोर गुलामांची जोडी निघाली, आणि दुर्रीच्या जोडीवर केलं तेव्हा राण्यांची. दोन्ही वेळा त्याला हवं ते पान आलं. अशा प्रत्येक डावात संधी पाचात एकापेक्षाही कमी असते. त्याच्या अनुभवावरून दुर्रीच्या जोडीला मोठं मानू नका.

तुमच्या दोन्ही डावांत चिप्स मध्ये गेल्या त्या क्षणी एक्के पुढे होते ना? मग झोप घालवू नका.

प्रश्न : ब्लफ, म्हणजे कच्च्या पानांवर मोठा हात असल्याचा आव, जमला तर धाडस, पकडला गेला तर मूर्खपणा. असा न्याय का?

उत्तर : कारण बघणाऱ्याला निकाल दिसतो, हिशेब दिसत नाही. त्याच वर्ल्ड सिरीजची २००३ ची मुख्य स्पर्धा आठवा. क्रिस मनीमेकर विरुद्ध सॅम फारहा, दोघेच उरलेले. मनीमेकरकडे राजा-सत्ती. टर्नला त्याला फ्लश आणि सीक्वेन्स दोन्हींची आशा होती, रिव्हरला तिर्री आली आणि दोन्ही हुकल्या. त्याने तरीही सगळ्या चिप्स लावल्या. फारहाकडे नव्वीची जोडी होती, म्हणजे तो पुढे होता, पण त्याने पत्ते टाकले.

हा ब्लफ मला वेडेपणा वाटत नाही. दोघेच उरले की दुसरं बक्षीस दोघांच्याही पदरात पडलेलं असतं. वर सांगितलेला आयसीएमचा जाच तिथे संपतो. शिवाय मनीमेकरचा हात टर्नपासून मोठ्या हातासारखाच खेळला गेला होता, त्यामुळे शेवटची बेट खोटी वाटायला कारण नव्हतं. फारहाने कॉल केला असता तरी माझं मत बदललं नसतं.

प्रश्न : समोरच्याने अगदी वाईट कॉल करून मला हरवलं, तर त्याला ऐकवावं का?

उत्तर : नाही. 'छान खेळलात' म्हणून उठा. तो तसाच खेळत राहण्यात तुमचंच हित आहे आणि चारचौघांत कोणाचा अपमान करणं वाईटच.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मोठ्या स्पर्धा खेळतो. गेली दोन वर्षं तो म्हणतो, खेळ चांगला आहे, फक्त नशीब साथ देत नाही. आता पुढच्या स्पर्धेसाठी माझ्याकडे पैसे मागतो आहे. देऊ का?

उत्तर : ताई, तो खोटं बोलतो आहे असं मानू नका. स्पर्धांत चांगल्या खेळाडूचेही दीर्घ काळ वाईट जातात, कारण बक्षिसाचा मोठा हिस्सा वरच्या मोजक्या जागांना मिळतो. पण नुसत्या शब्दावर पैसे देऊ नका. त्याच्याकडे दोन वह्या मागा. एकीत प्रत्येक स्पर्धेची प्रवेश फी आणि मिळालेलं बक्षीस. दुसरीत ज्या डावात तो बाहेर पडला त्याची नोंद: चिप्स मध्ये गेल्या तेव्हा त्याच्याकडे काय होतं, समोर काय होतं, किती खेळाडू उरले होते. मन लावून खेळणारा माणूस हे लिहून ठेवतोच. पोकरमधलं काही कळत नसलं तरी दुसरी वही तुम्हाला वाचता येईल: बहुतेक डावांत तो पुढे होता की मागे, एवढंच मोजायचं.

वह्या नसतील तर आजपासून सुरू करायला सांगा आणि तोवर कमी फीच्या स्पर्धा खेळू दे. वह्या असतील आणि त्यात तो खरोखर पुढे दिसत असेल, तरी उसने देऊ नका. मोठ्या स्पर्धांतले खेळाडू स्वतःचा हिस्सा विकतात, म्हणजे प्रवेश फीचा काही भाग दुसऱ्याने भरायचा आणि बक्षिसातला ठरलेला भाग त्याने घ्यायचा. तसा छोटासा हिस्सा विकत घ्या, तोही पूर्ण बुडाला तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढाच. आणि टक्केवारी आधी कागदावर लिहून दोघांनी सही करा.