बेळगावकरांनो, मुंबईतली खोली आधी लेखी घ्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो. खानापूरहून तुम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे, दसऱ्याच्या सुट्टीत पहिल्यांदाच मुंबई, चार दिवस. काय काय बघावं हे तुम्ही विचारलंय. पण मध्येच एक ओळ सहज लिहून गेलात: "राहायची काळजी नाही, दादरजवळच्या एका संस्थेत फोन केलाय, बेळगावकडचे म्हटल्यावर या म्हणाले." मला काळजी वाटते ती त्याच ओळीची. गेटवे, चौपाटी, म्हातारीचा बूट हे सगळं इतरांनी सांगितलंच आहे, म्हणून आधी खोलीचं बोलतो.

आम्हीही असेच गेलो होतो. आई-बाबा, बायको, मुलगी आणि मी. संस्थेचं नाव घेणार नाही, आता तिथली माणसं बदललीही असतील. फोनवर तारीख सांगितली होती, भाडं विचारून घेतलं होतं. "बेळगाव म्हणजे आपलीच माणसं, पैसे काय, आल्यावर द्या," असं पलीकडचे गृहस्थ म्हणाले होते. रात्रीच्या गाडीने दादरला उतरलो आणि सामान घेऊन थेट तिथे गेलो. काउंटरवरच्या माणसाने आधारकार्ड मागितलं. आपल्या कार्डावर कन्नड आणि इंग्रजी, मराठी कुठेच नाही. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं, पत्त्यातल्या 'कर्नाटक'वर पेनाचं टोक टेकवलं आणि रजिस्टर मिटलं. "या खोल्या महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी. बाहेरच्यांना सभासदाचं पत्र लागतं." फोनवर बोलणं झालंय म्हटलं, तर "कोणाशी? नाव सांगा." पलीकडच्या गृहस्थांनी नाव सांगितलेलंच नव्हतं. मग व्यवस्थापक येईपर्यंत बसा म्हणाले. ते दुपारी आले आणि त्यांनी उभ्या उभ्या तेच वाक्य पुन्हा ऐकवलं.

तोवर आई-बाबा बाकावर बसून होते, अंघोळ नाही, नाश्ता नाही. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात बाबांनी पाठीवर लाठ्या घेतल्यात. घरात मराठी पेपर येतो, नात मराठी शाळेत जाते, साधा सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून त्यांनी आयुष्यभर अर्ज केले. त्या माणसाला दादरमध्ये, मराठी माणसाच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत, 'बाहेरचे' ऐकावं लागलं. बाबा भांडले नाहीत. कार्ड रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवलं आणि म्हणाले, "चल बाळ, दुसरं हुडकू."

माझा राग अजून गेलेला नाही. नियम असेल तर असू दे, सवलत कोणाला द्यायची हे संस्थेनं ठरवावं. पण बेळगाव कोणत्या राज्यात आहे हे फोन उचलणाऱ्याला ठाऊक नव्हतं का? तेव्हाच नाही म्हटलं असतं तर आम्ही दुसरी सोय केली असती. सीमाभागातल्या माणसाला भाषणात आपलं म्हणायचं आणि काउंटरवर परकं करायचं, हे थांबायला हवं. असो.

पुढे काय झालं तेही ऐका. जवळच्या गल्लीत लॉज मिळाला, भाडं ठरवलेल्याच्या तिप्पट. तो दिवस रविवार होता. दुपार उलटल्यामुळे घारापुरी राहिली. दुसऱ्या दिवशी सोमवार, आणि सोमवारी लेणी बंद. पोरगी त्या बोटीसाठी महिनाभर दिवस मोजत होती.

म्हणून सांगतो, आज पुन्हा फोन करा. बोलणाऱ्याचं नाव विचारा. आधार कर्नाटकचं आहे, चालेल का, हे स्पष्ट विचारा. सभासदाचं पत्र लागत असेल तर ते आत्ताच मिळवा, बेळगावात ओळखी काढल्या तर मिळून जातं. थोडे पैसे आगाऊ भरा आणि पावती मागा, निदान मोबाईलवर लेखी मेसेज तरी घ्या. त्यात तारीख, माणसं किती आणि भाडं किती हे आलं पाहिजे. काहीच लेखी द्यायला तयार नसतील तर ती सोय नाही असं धरून चला आणि दुसरीकडे आगाऊ बुकिंग करा. सगळ्याच संस्था अशा असतात असं माझं म्हणणं नाही, चांगला अनुभव आलेलेही इथे असतील. खोलीचा ताबा किती वाजता मिळणार हेही विचारा. तुम्ही सकाळी लवकर उतरणार आणि बऱ्याच ठिकाणी खोली बाराला मिळते. सामान क्लोकरूममध्ये ठेवायचं असेल तर प्रत्येक बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत.

स्वस्त मिळतं म्हणून मीरा रोड किंवा कल्याणला राहू नका. म्हातारी माणसं बरोबर असताना रोज लोकलने तेवढं जाणं-येणं नको. दादर किंवा गिरगावच बरं, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

दसऱ्याची सुट्टी निवडलीत हे मात्र उत्तम केलंत. आपल्याकडे शाळांना दसऱ्याला मोठी सुट्टी असते, तिकडे ती दिवाळीला. त्यामुळे मुंबईची पोरं शाळेत असताना तुमची पोरं निवांत फिरतील. फक्त नवरात्रात महालक्ष्मीचं दर्शन मनात धरू नका, रांगेतच दिवस जाईल. सिद्धिविनायकाला मंगळवार टाळा.

फिरण्याबद्दल माझं मत जरा ठाम आहे, न पटलं तर सोडून द्या. एका दिवसात दोन ठिकाणं, तिसरं नाही. एका दिवसात अख्खी मुंबई दाखवणाऱ्या गाड्यांमध्ये मुलं झोपतात आणि सासूबाईंचे पाय सुजतात.

पहिल्या दिवशी फोर्ट करा. दादरहून भुयारी मेट्रोने थेट हुतात्मा चौक स्टेशनला उतरता येतं. लिफ्ट आहे, गाडी थंडगार आहे, सासू-सासऱ्यांना लोकलपेक्षा हे कितीतरी सोपं. वर आलात की आधी हुतात्मा स्मारकापाशी थांबा. आपल्या मुलांना १७ जानेवारीचा हुतात्मा दिन माहीत असतो, १९५६ साली बेळगाव-निपाणीत काय झालं ते घरात ऐकलेलं असतं. संयुक्त महाराष्ट्राच्या त्याच लढ्यात एकूण १०६ जण गेले, हे तिथे उभं राहून सांगितलं की पोरं नीट ऐकतात. माझ्या मुलीने तिथे बाबांना इतके प्रश्न विचारले की आम्ही बराच वेळ हललोच नाही. तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत जाण्यासारखं आहे, आणि उन्हं उतरली की गेटवे. १९२४ साली बांधून झालेली ती कमान संध्याकाळीच बघावी, दुपारी दगड तापलेला असतो.

घारापुरीला एक अख्खा दिवस ठेवा, सोमवार सोडून. बोट गेटवेहूनच सुटते, साधारण तासभर लागतो. सकाळची पहिली बोट गाठा. दसरा सप्टेंबरात आला तर पाऊस रेंगाळलेला असतो आणि समुद्र खवळला की बोटी बंद ठेवतात, म्हणून हा दिवस पहिल्या दोनांत ठेवा, म्हणजे हुकला तरी पुढे ढकलता येतो. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पण पुढे शंभरावर पायऱ्या आहेत. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर डोलीवाले मिळतात, भाव आधी ठरवा. आत तीन मुखांच्या शिवाची मूर्ती वीसेक फूट उंच आहे. पोरांना तिच्यासमोर घटकाभर खाली बसू द्या, डोळे अंधाराला सरावले की चेहरे दिसायला लागतात. आणि माकडांपासून खाऊ सांभाळा.

राणीच्या बागेला बुधवारी सुट्टी असते, हे गेटपाशी जाऊन कळायला नको. पेंग्विन तिथेच आहेत. मुलांना विज्ञानाची आवड असेल तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र बघा, मेट्रोचं स्टेशनही जवळच आहे. लोकल दाखवायचीच असेल तर दुपारी दाखवा. सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उपनगराकडे जाणाऱ्या गाडीत मुलांना घेऊन चढायचं धाडस नको.

आता जायचं कसं. माझं मत रेल्वेचंच. बसला मी विरोध करत नाही, पण सीमेवर काही झालं की सगळ्यात आधी बंद होतात त्या दोन्ही राज्यांच्या बसगाड्या. डिसेंबर २०२२ ला झालं, फेब्रुवारी २०२५ ला झालं. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याला सामानासकट उतरून पलीकडे वाहन हुडकणं सासू-सासऱ्यांना घेऊन जमणार नाही. शिवाय कर्नाटकात बायकांना मिळणारं शक्ती योजनेचं मोफत तिकीट मुंबईच्या बसला चालत नाही, कुणी तसं सांगितलं असेल तर डोक्यातून काढा.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीची तारीख शाळेतून कळली की त्याच दिवशी हिशेब करा आणि येतानाचं तिकीटही तेव्हाच काढा, दसऱ्याच्या शेवटी दादरहून इकडे येणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. वेटिंगवर राहिलेलं ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, ते घेऊन गाडीत चढू नका. आणि सहाही जणांचं एकच तिकीट काढू नका. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पुरुषांना ६० आणि बायकांना ४५ वर्षांपासून, पण तिकिटावर जास्तीत जास्त दोघंच असतील तर. सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं काढा. डबा वेगळा आला तर टीसीला विनंती करा, नाहीतर रात्री तुम्ही दोघांपैकी एकाने तिकडे जाऊन यायचं. पाच वर्षांवरच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही.

वेळा आणि भाडी बदलत असतात, निघण्याआधी एकदा तपासून घ्या. त्या संस्थेत काय उत्तर मिळालं ते इथे लिहा. नाही म्हणाले तर दादरला आम्ही पुढच्या खेपेला जिथे राहिलो, तिथली माहिती तुम्हाला खासगीत कळवतो.