पाड्यावर नळ आहेत, पाणी नाही: ग्रामपंचायत, पंचायत समिती की जिल्हा परिषद, दाद कुणाकडे मागायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी तालुक्यातल्या पाड्यावर टाकी उभी राहिली, नळ बसले, पण उतारावरच्या खालच्या घरांना पाणी नाही. ग्रामपंचायत पंचायत समितीकडे बोट दाखवते, पंचायत समिती जिल्हा परिषदेकडे, आणि शेवटी "तुमचेच लोक पाइप फोडतात" हे ऐकून परत यावं लागतं.

ते शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहितोय. सातपुड्यात ग्रामसेवकाची नोकरी केलेल्या माणसाला हे वाक्य पाठ असतं. बहुतेक वेळा ते खोटं असतं, आणि खोटं आहे हे कागदावर सिद्ध करता येतं. म्हणून आधी पाइपचं सांगतो, कचेऱ्यांचं नंतर.

आमच्या ग्रामपंचायतीत टाकी वरच्या पाड्यावर होती आणि सगळ्यात खालचा पाडा टाकीपासून उंचीत ८० मीटर खाली. पाणी उंचीत १० मीटर खाली उतरलं म्हणजे पाइपमध्ये साधारण १ किलोचा दाब (चौरस सेंटिमीटरला). म्हणजे खाली ८ किलो. टाकलेला काळा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप मात्र ६ किलो दाब सोसणारा. हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, पाइपच्या अंगावर ठरावीक अंतराने 'पीएन ६' असं छापलेलंच असतं. त्यात पाइप खडकावरून उघडाच नेलेला. उन्हाने तापलेला एचडीपीई आणखी कमी दाब सोसतो. दिवसा नळ चालू असतात तेव्हा वाहत्या पाण्यामुळे दाब उतरतो. रात्री सगळे नळ बंद झाले की पूर्ण ८ किलो खालच्या टोकाला बसतो आणि पहाटे पाइप फुटलेला सापडतो. मग कचेरीत निष्कर्ष निघतो की रात्री कुणीतरी फोडला. फायलीवर शेरा आला होता: 'लाभार्थ्यांकडून पाइपलाइनची नासधूस'.

पाणी समितीतल्या बायकांचं म्हणणं वेगळं होतं. पाइप दर वेळी खालच्या दोन वळणांपाशीच जातो आणि नळ बंद असतानाच जातो, हे त्यांनी आधीच हेरलं होतं. फुटलेले तुकडे त्यांनी जपून ठेवले होते, त्यामुळे पुढचं सगळं सोपं झालं. कुऱ्हाडीचा घाव आडवा असतो आणि त्याच्या कडा साफ असतात. दाबाने गेलेला पाइप लांबीच्या दिशेने फाटतो, फाटीच्या दोन्ही बाजू फुगलेल्या असतात, नाहीतर कपलरमधून, म्हणजे जोडातून, पाइप सरळ निसटतो. आमच्याकडचे तुकडे सगळे लांबीत फाटलेले होते. शेवटच्या नळाला दाबमापक लावला, रात्री सगळे नळ बंद करून काटा वाचला, तो ७ च्या वर गेला. तुकड्यांचे फोटो, काट्याचा फोटो, पाइपवरच्या छापाचा फोटो, सरपंच आणि समितीच्या सह्यांचा पंचनामा, आणि त्यावर ग्रामसभेचा ठराव: दोष दुरुस्त होईपर्यंत योजना ताब्यात घेणार नाही.

खरी चावी या शेवटच्या वाक्यात आहे. ठेकेदाराला शेवटच्या बिलासाठी ग्रामपंचायतीचं ताबापत्र हवं असतं. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे बिघाड ठेकेदारानेच दुरुस्त करायचा काळ, करारात लिहिलेला असतो आणि तोवर त्याची अनामत अडकलेली असते. एकदा ताबापत्रावर सही झाली की फुटलेला प्रत्येक पाइप ग्रामपंचायतीच्या गळ्यात. पाड्यावर थेंब नाही आणि दप्तरात 'योजना सुस्थितीत प्राप्त' असं पत्र, हे मी शेजारच्या गावांत पाहिलंय. सरपंच नवा असतो, कुणीतरी म्हणतं की निधी परत जाईल, आणि सही होऊन जाते.

दुरुस्ती अशी झाली: उताराच्या मध्यावर, टाकीपासून ४० मीटर खाली, दाब तोडणारी छोटी टाकी बांधली. कचेरीत तिला बीपीटी म्हणतात. पाणी तिच्यात मोकळं पडतं, दाब शून्य होतो आणि तिथून पुन्हा नव्याने मोजला जातो, म्हणजे कुठेही ४ किलोच्या वर जात नाही. या टाकीच्या आत येणाऱ्या तोंडाला बॉल व्हॉल्व हवाच. तो नसेल तर रात्रभर ओव्हरफ्लो होतो आणि वरची टाकी सकाळी रिकामी. चढ-उताराच्या उंचवट्यावर हवेचा व्हॉल्व नसेल तर पाइप धड असूनही पाणी अडतं, कारण वर हवा कोंडते. तुमच्याकडे पाइप फुटत नसेल आणि तरी खाली पाणी नसेल, तर आधी हे तपासा. पाइप पुरलेला असावा, आणि खडकामुळे पुरता येत नसेल तिथे लोखंडी जीआय असावा. वणव्यात उघडा एचडीपीई वितळतो, त्याला कुणाच्या कुऱ्हाडीची गरज नसते.

आता कचेऱ्यांचं. योजना रोज चालवणं, पाणीपट्टी, ऑपरेटर, किरकोळ दुरुस्ती हे ग्रामपंचायतीचं काम, आणि तिच्या वतीने ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचं. ही समिती ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खालची आहे, तिचे सदस्य ग्रामसभा निवडते आणि निम्म्या महिला असायला हव्यात. योजनेचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, ठेका, मोजमाप हे जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचं. मोठ्या आणि अनेक गावांच्या योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे असतात. बोअर कुठे घ्यायची, तिला पाणी लागेल का, हे भूजल सर्वेक्षण यंत्रणा सांगते. हातपंपाचं दुरुस्ती पथक पंचायत समितीत असतं आणि ग्रामपंचायत त्यासाठी वर्गणी भरते. वर्गणी थकली की पथक यायचं टाळतं, म्हणून पावती दप्तरात आहे का ते विचारा.

हातपंपाबद्दल तक्रार करतानाही 'बंद आहे' एवढंच लिहू नका. अर्धा तास पंप न चालवता ठेवा. मग पाचापेक्षा जास्त दांडे मारल्यावर पाणी आलं, तर उभा पाइप किंवा खालचा व्हॉल्व गळतोय. पाणी सुरू झाल्यावर मिनिटाला ४० दांडे मारून बादलीत १० लिटरही जमत नसेल, तर सिलिंडरमधले वॉशर झिजलेत. हे तक्रारीत लिहिलं की पथक योग्य सामान घेऊन येतं. नाहीतर पथक डोंगर चढून येतं, पंप उघडतं, 'वॉशर नाहीत' म्हणतं आणि उतरून जातं.

पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाचा निधी (मार्च २०२६ पर्यंतचा) तिन्ही पातळ्यांना मिळाला. आपल्या राज्यात ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला. त्यातला ६० टक्के (२०२१-२२ पासून) बंधित होता, अर्धा पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छतेसाठी. पाणीयोजनेची देखभालही यातून करता येत होती. 'देखभालीला पैसा नाही' हे उत्तर कुणी दिलं, तर बंधित रकमेचा खर्च दाखवा म्हणायचं. पण आराखड्यात नसलेल्या कामाला एक रुपयाही निघत नाही. ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, जानेवारीपर्यंत ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढतो. लोक एप्रिलमध्ये हंडे घेऊन पंचायत समितीवर जातात, तेव्हा दार महिनोन् महिने आधी बंद झालेलं असतं.

दुसरा पैसा पेसाचा, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याचा. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे चार तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी इथे थेट ग्रामपंचायतीला आणि ग्रामसभेच्या कोषात येतो, आणि पायाभूत सुविधा, जलसंधारण यांवर खर्च करता येतो. आमची बीपीटी याच पैशातून झाली. पेसा कायदा १९९६ चा, राज्याचे नियम २०१४ चे. या कायद्यात गाव म्हणजे महसुली गाव नव्हे, स्वतःचा कारभार परंपरेने पाहणारा पाडासुद्धा गाव होऊ शकतो. पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव केला की प्रस्ताव उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो. तुमचा पाडा अजून मूळ गावाच्याच ग्रामसभेत असेल, तर हे काम पाण्याच्याही आधी करा. ग्रामसभा रस्त्याकाठच्या गावठाणात भरते, दोन डोंगर पलीकडची माणसं पोचेपर्यंत यादी ठरलेली असते, आणि तुमच्या वाटचा निधी गावठाणातल्या पेव्हर ब्लॉकमध्ये जातो. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितोय.

ठराव कसा लिहायचा, हे कुणी शिकवत नाही. 'पाड्यावर पाण्याची सोय करण्यात यावी' हा ठराव नव्हे, ती विनंती झाली, आणि विनंतीला जावक क्रमांक मिळतो, काम मिळत नाही. पाड्याचं नाव, कुटुंबं, माणसं, सध्याचा झरा किंवा विहीर किती लांब आणि कोणत्या महिन्यात आटते, नेमकं काय काम, कोणत्या निधीतून, पुढची देखभाल कोण करणार, सूचक आणि अनुमोदक, एवढं हवं. हिशेबही त्यातच घाला. जल जीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटर आहे, म्हणजे २०० माणसांच्या पाड्याला रोज ११,००० लिटर. ५,००० लिटरची टाकी एकदा भरून हे भागत नाही, हे ठरावातच आलं की 'टाकी आहे ना तुमच्याकडे' हे उत्तर देता येत नाही.

पाइप वनजमिनीतून जाणार असेल आणि 'वनखात्याची परवानगी नाही' म्हणून काम अडलं असेल, तर वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) दाखवा. पिण्याच्या पाण्याच्या पाइपलाइनसाठी १ हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडं या मर्यादेत, ग्रामसभेच्या शिफारशीवर परवानगी मिळते. म्हणजे इथेही पुन्हा ठरावच लागतो.

जिल्हा नियोजन समितीकडे थेट जाऊन पाड्याचं पाणी सुटत नाही. पालकमंत्री अध्यक्ष असतात, तिथे मोठ्या रकमा ठरतात आणि खालून आराखड्यात चढलेलं कामच वर दिसतं. तळोद्याचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय मात्र विसरू नका. ठक्कर बाप्पा वस्ती सुधारणा योजनेतून पाड्यांची लहान कामं होतात, फार कमी ग्रामपंचायती तिथे प्रस्ताव घेऊन जातात. जिल्हा परिषदेवर प्रशासक असेल त्या काळात तुमच्या गटाचा सदस्य नसतो, मग कार्यकारी अभियंत्याला लेखी द्या, प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, आणि पोच घ्या.

एक-दोन गोष्टी राहिल्या. वरचं सगळं पाणी उपलब्ध आहे पण पोचत नाही अशा पाड्यांसाठी आहे. मार्चनंतर झराच आटत असेल तर पाइप बदलून काही होणार नाही. तिथे टंचाई आराखडा, आणि तो ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल अशा तीन टप्प्यांत बनतो, तहसील आणि प्रांत कचेरीत. त्यात टँकर मागण्यात अर्थ नाही, टँकरचं माप माणशी २० लिटर आणि तुमच्या पाड्यापर्यंत रस्ताच नाही. विहीर खोल करणं, गाळ काढणं, नदीपात्रात बुडकी (तात्पुरती खड्ड्यासारखी विहीर), खासगी विहीर अधिग्रहण, हे मागा. शहादा-नंदुरबारच्या सपाटीवरच्या गावांना दाबाचं हे गणित फारसं लागू नाही, तिथे बोअर खोल जाण्याचा प्रश्न वेगळा आहे. आणि हो, क्वचित कुणी खरंच पाइप कापतो, बहुधा वरच्या शेतात पाणी वळवायला. तो घाव आडवा असतो. त्यासाठीच तुकडे ठेवा, तारीख लिहून.