‘संकरण’ आणि कार्बनचे बंधकोन

प्रश्न असा आला आहे: कार्बनच्या कक्षकांच्या (अणूत इलेक्ट्रॉन जिथे आढळतात त्या भागांच्या) ‘संकरणा’वरून बंधकोन, म्हणजे अणूच्या दोन बंधांमधला कोन, ठरतो असे शिकवतात, मग हे संकरण आणि संकरित ज्वारीतले संकरण एकच का?

शब्द एकच, आणि दोन्हीकडे तो ‘हायब्रिड’साठीच योजलेला आहे. मात्र ‘संकर’ हा ‘कृ’ म्हणजे करणे या धातूपासून आला असे जे सर्रास सांगितले जाते, ते साफ चूक आहे. ‘संस्कार’ हा ‘कृ’चा, ‘संकर’ हा दीर्घ ‘कॄ’चा, म्हणजे विखुरणे, ओतणे. संकीर्ण, प्रकीर्ण, विकिरण ही त्याचीच भावंडे. अलंकारशास्त्राने तर हा शब्द फार काटेकोरपणे वापरला आहे: एका श्लोकातले दोन अलंकार तीळ-तांदळासारखे वेगळे ओळखता आले तर ती संसृष्टी, दूध-पाण्यासारखे एकजीव झाले तर तो संकर. कार्बनचा एक एस आणि तीन पी (ही कक्षकांच्या दोन प्रकारांची नावे) कक्षक मिळून जे चार सारखे कक्षक होतात, ज्यांना ‘एसपी३’ म्हणतात, त्यांतल्या प्रत्येकात एस एक चतुर्थांश असतो, पण तो वेगळा काढून दाखवता येत नाही. इतका चपखल शब्द हाताशी असताना ‘संकरण बोजड आहे, मिश्रण म्हणा’ असा आग्रह धरणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. घटक आपापले गुणधर्म राखून राहतात त्या पदार्थाला रसायनशास्त्राने ‘मिश्रण’ हे नाव केव्हाच देऊन टाकले आहे.

त्याहून खटकते ते ‘कार्बनचे एसपी३ संकरण झाले, म्हणून कोन १०९.५° झाला’ हे वाक्य. संकरण कक्षकांचे असते, अणूचे नव्हे. आणि ती घडणारी घटना नसून मांडणी आहे. चतुष्फलकी कार्बन, म्हणजे चार बंध चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या कोपऱ्यांकडे रोखलेला कार्बन, रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्येच सांगितला होता. रसायनशास्त्रज्ञ लिनस पाउलिंग यांनी संकरण मांडले ते १९३१ मध्ये, त्या ज्ञात आकाराचा उलगडा करण्यासाठी.

संकरण आणि बंधकोन यांतला खरा दुवा संकरित कक्षकातल्या एसच्या वाट्यात आहे. दोन समान कक्षकांमधल्या कोनाची कोज्या (कोसाइन) काढायची तर एसच्या वाट्याला पीच्या वाट्याने भागावे आणि उत्तर ऋण घ्यावे. एसचा वाटा १/४ असेल तर −१/३, म्हणजे १०९.५°, १/३ असेल तर १२०°, १/२ असेल तर १८०°. एस वाढला की कोन उघडतो. हा वाटा नेहमी असा सुबकच असतो असेही नाही. सायक्लोप्रोपेन या तीन कार्बनांच्या कड्याच्या संयुगात कड्यातला कोन ६०° आहे, पण एस-पी कक्षकांना ९०° च्या आत येताच येत नाही; म्हणून तिथले कार्बन-कार्बन बंध बाहेरच्या बाजूला वाकतात, त्यांत पीचा वाटा वाढतो, उरलेला एस हायड्रोजनकडच्या बंधांत जातो आणि दोन हायड्रोजनांमधला कोन सुमारे ११५° पर्यंत रुंदावतो. अशा कार्बनवर नुसता ‘एसपी३’ असा शिक्का मारला, तर हा कोन कुठून आला ते सांगता येत नाही.