नागरी हक्कांचे कायदे झाल्यानंतरही 1968 साली अमेरिका का पेटली?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिका तेव्हा जगातला सर्वांत श्रीमंत देश होता, 1964 चा नागरी हक्क कायदा आणि 1965 चा मतदान हक्क कायदाही झाला होता, तरी त्यानंतरच तिथली शहरे का पेटली? बहुतेक जण उत्तराची सुरुवात व्हिएतनामपासून करतात. मी ती टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरापासून करतो, कारण त्या काळातले बरेच धागे मला तिथे एकत्र आलेले दिसतात.

1 फेब्रुवारी 1968 रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार, कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाल्याने चिरडून मेले. 12 तारखेपासून सुमारे 1,300 कामगार संपावर गेले. पूर्णवेळ राबूनही त्यांच्यापैकी अनेकांना सरकारी मदतीवर घर चालवावे लागे. पावसाने काम थांबले की त्यांची मजुरी बुडे आणि गोऱ्या मुकादमांचा पगार मात्र चालू राही. महापौर हेन्री लोब यांनी संप बेकायदा ठरवून युनियनला मान्यता नाकारली. मोर्चात कामगारांच्या हातातल्या फलकांवर एवढेच लिहिलेले असे: ‘मी माणूस आहे’. कायद्याने मत मिळाले होते, पण मजुरी, घर आणि पोलिसांची वागणूक फारशी बदललेली नव्हती. माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा इथे आहे.

या संपाला पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले. त्याआधी, 4 एप्रिल 1967 रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध केला होता. गरिबी हटवण्यासाठी लागणारा पैसा आणि गरिबांची मुले हे युद्ध गिळत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. महाविद्यालयात शिकणाऱ्यांना सक्तीच्या लष्करभरतीतून सवलत मिळत असल्याने त्यात तथ्यही होते. जानेवारी 1968 च्या अखेरीस व्हिएतनामी कम्युनिस्ट फौजांनी दक्षिण व्हिएतनामभर सुरू केलेल्या टेट हल्ल्यांनी विजय जवळ आल्याचा सरकारी दावा फोल ठरवला आणि 31 मार्चला अध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा उमेदवारी न करण्याचे जाहीर केले. चारच दिवसांनी, रिव्हरसाइडच्या भाषणाला बरोबर वर्ष होत असताना, मेम्फिसच्या लॉरेन मोटेलच्या सज्जात किंग यांची गोळी घालून हत्या झाली.

शंभराहून अधिक शहरांत दंगली उसळल्या आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये लष्कर उतरवावे लागले. आधीच्या दंगलींची कारणे शोधण्यासाठी जॉन्सन यांनीच नेमलेल्या कर्नर आयोगाने जेमतेम महिनाभर आधी बजावले होते की, देश दोन विभक्त आणि विषम समाजांकडे चालला आहे. आयोगाच्या शिफारशी बव्हंशी कागदावरच राहिल्या. पुढे जूनमध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत असलेल्या रॉबर्ट केनेडींची हत्या झाली आणि ऑगस्टमध्ये शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांनी युद्धविरोधी निदर्शकांवर लाठ्या चालवल्या. एकीकडे बदल फार संथ म्हणून संताप होता, तर दुसरीकडे तो फार वेगवान म्हणून धास्ती होती. या धास्तीवर कायदा-सुव्यवस्थेची भाषा करणारे रिपब्लिकन उमेदवार निक्सन नोव्हेंबरमध्ये निसटत्या मताधिक्याने अध्यक्ष म्हणून निवडून आले, आणि तिसरे उमेदवार, वंशविभाजनाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांनी दक्षिणेतली पाच राज्ये जिंकली.

मराठी वाचकाला या इतिहासाचा एक धागा ओळखीचा आहे: 1966 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या, कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावरूनच 1972 साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले.

मेम्फिसचा संप मिटला तो 16 एप्रिलला. पगारवाढ आणि युनियनची मान्यता या दोन्ही मागण्या पालिकेने तेव्हा मान्य केल्या. किंग यांच्या हत्येला बारा दिवस झाले होते.