धम्माचं वाचन भरपूर झालं, आता प्रत्यक्ष साधनेकडे कसं वळू?

तुम्ही लिहिलंय की पाच वर्षं सुत्तांचे, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांचे, मराठी अनुवाद वाचून राहिलो, वह्या भरल्या, पण ध्यानाला बसलं की दोन मिनिटांत उठावंसं वाटते, तर आता वाचन बंद करू का. नका करू बंद. मीही नेमकी इथंच अडली होती म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी उत्तर नागपूरची. आमच्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन होते आणि बरीच वर्षं तो ग्रंथ मीच वाचायची, बाया समोर बसून ऐकायच्या. आर्यसत्यं विचारा, प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे दुःख कशातून कसं उपजते त्याच्या, बारा कड्या विचारा, सगळं पाठ. अनित्य, म्हणजे सगळं बदलत राहते, हा शब्द तर किती वेळा समजावून सांगितला असेल. पण घरी आल्यावर पोरानं काही सांडलं की राग डोक्यात कधी चढला ते कळायचंच नाही, आणि त्या वेळी अनित्य-बिनित्य काही आठवायचं नाही.

मग नागपूरजवळ माहुरझरीच्या धम्म नाग या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं शिबिर केलं. तिथं सुरुवातीलाच मोबाईल, पुस्तक, वही, पेन सगळं बाजूला ठेवावं लागते, दहा दिवस एक ओळ वाचायची नाही की लिहायची नाही, आपल्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला सगळ्यात जड हेच जाते. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या बघत राहणं. त्यानंतर एका तासभराच्या बैठकीत, जिथं हातपाय हलवायचे नाही, मनगटावर डास बसला. आधी टाचणीसारखं टोचलं, मग आग, मग असं वाटलं की आता खाजवलं नाही तर जीव जाईल, आणि तसंच बघत राहिली तर ती आग बारीक-बारीक ठोक्यांत फुटली आणि मी हात न लावताच ती निघून गेली. इतकी वर्षं दुसऱ्यांना समजावत होती ते त्या मनगटावर पहिल्यांदा पाह्यलं. रडू आलं मला, खरं सांगते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या जुन्या टीकेत, पोट्ठिल नावाच्या थेरांची (ज्येष्ठ भिक्खूंची) गोष्ट आहे (गाथा 282). मोठे विद्वान, शेकडो भिक्खूंना शिकवायचे, पण बुद्ध त्यांना 'तुच्छ पोट्ठिल' म्हणजे रिकामा पोट्ठिल म्हणत. शेवटी ते सात वर्षांच्या सामणेराकडे, म्हणजे नवशिक्या बालभिक्खूकडे, शिकायला गेले. त्यानं सांगितलं, वारुळाला सहा भोकं आहेत, आत घोरपड आहे, पाच बुजवा आणि सहाव्यावर नजर ठेवून बसा. पाच इंद्रियं आवरायची आणि मनाच्या दारावर पहारा, बस एवढंच. एवढ्या मोठ्या थेरांना लेकराकडून शिकताना लाज वाटली नाही, मला ही गोष्ट फार धीर देते.

आपल्याकडे एक आक्षेप येतोच, की डोळे मिटून बसणं म्हणजे पळवाट, बाबासाहेबांनी समाज बदलायला धम्म दिला. समाज बदलायचाच आहे, त्यात दुमत नाही. पण त्याच ग्रंथात अष्टांगिक मार्ग सांगताना सम्यक स्मृती (सजग राहणं) आणि सम्यक समाधीही (मन एकाग्र करणं) आहे ना, ती दोन अंगं आपण नुसती वाचून पुढं काहून जावं? दीक्षाभूमीवर 1956 ला आपल्या आजोबा-आजींनी पंचशील घेतलं ते पाळायलाच घेतलं होतं. आणि साधनेचा पाया शीलच आहे, दिवसभर खोटं बोलून रात्री मन शांत बसत नाही, करून पाहा.

आता तुमचं. रोज पहाटे पंधरा मिनिटं, उन्हाळ्यात तर कूलरचा आवाज सुरू व्हायच्या आत. श्वास लांब आहे की आखूड एवढंच बघा, लांब करू नका. मन पळालं की परत आणा, शंभरदा पळालं तर शंभरदा. दोन मिनिटांत उठावंसं वाटते म्हणता ना, तर उठण्याआधी ती उठायची घाई अंगात कुठं आहे, छातीत का गुडघ्यात, ते पाहा, तुमची साधना तिथूनच सुरू होते. वाचन चालू ठेवा पण हप्त्याला एकच सुत्त, सजगतेवरच्या सतिपट्ठान सुत्तातला श्वासाचा भाग आधी घ्या, आणि एक ओळ घेऊन आठवडाभर त्यावरच बसा. महिना-दोन महिने झाले की शिबिराचा फॉर्म भरा, फी नसते, आधीच्या साधकांच्या दानावर चालते. मानसिक आजाराची औषधं सुरू असतील तर मात्र फॉर्ममध्ये नक्की लिहा आणि डॉक्टरांना विचारूनच जा.